जाते, गिरणी आणि आपले स्मरणरंजन

मराठीच्या वर्गात जात्याइतके भाग्य दुसऱ्या कोणत्याही घरगुती वस्तूच्या वाट्याला आलेले नाही. पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, चूल, कंदील यांच्यावरही आपण अधूनमधून हळवे होतो. परंतु जात्याला आपण थेट अभ्यासक्रमात जागा दिली आहे. लोकसाहित्याच्या अभ्यासपत्रिकेत 'जात्यावरच्या ओव्या' हा घटक असतो आणि त्या घटकाच्या शेवटी एक ठरावीक वाक्य असते. ते मार्गदर्शकांत असते, वर्गातल्या टिपणांत असते आणि उत्तरपत्रिकांत तर हमखास असते: गिरणी आली आणि ओवी संपली.

आळंदीपासून जवळच असलेल्या एका महाविद्यालयात मी मराठी शिकवते. हे वाक्य आजवर किती उत्तरपत्रिकांत वाचले त्याची गणती नाही. वाक्य खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. माझा आक्षेप त्याच्या सुराला आहे. त्या सुरात गिरणी एखाद्या परचक्रासारखी येते आणि जात्याभोवतीचे सगळे जग, पहाट, पणतीचा उजेड, आजीचा आवाज, तिच्या टाचेखाली चिरडले जाते. उत्तर लिहिणारी मुलगी चाकणच्या एखाद्या कंपनीत दुपारच्या पाळीला जाणारी असते. तिच्या घरात घरघंटी असते किंवा पिठाची पिशवी दुकानातून येते. तिने जाते पाहिलेले असते ते आळंदीच्या मंगल कार्यालयात, हळदीच्या दिवशी. लाल-पिवळ्या रंगाने रंगवलेले, हातभरसुद्धा नसलेले ते जाते पाच सवाष्णी नावाला फिरवतात. प्रत्यक्ष हळद पाकिटातलीच असते. तरीही उत्तरपत्रिकेत ही मुलगी गिरणीवर रागावते. हा राग तिचा नाही. तो आपण तिला दिलेला आहे.

मुळात दळण म्हणजे काय होते, हे आपण वर्गात पुरेसे सांगत नाही. खेड-शिरूरच्या बाजूला भाकरी बाजरीची. बाजरीचे पीठ टिकत नाही. थोड्याच दिवसांत त्याला कडवटपणा येतो. त्यामुळे आठवड्याचे एकदम दळून ठेवावे ही सोय नाही. पश्चिमेकडच्या मावळात भाताचे राज्य, म्हणजे दळण थोडे हलके, पण त्याची भरपाई कांडणाने होई. रात्री धान्य पाखडून-निवडून ठेवायचे, कोंबडा आरवण्याआधी उठायचे, खुंट्याला हात घालायचा, दुसऱ्या हाताने मुठीमुठीने वैरण घालत राहायची. समोर जाऊ, नणंद किंवा शेजारीण असली तर ओढ निम्मी होई. नसली तर सगळा भार एकटीच्या खांद्यावर. मांडीवर तान्हे मूल असायचे ते वेगळेच. जाते गुळगुळीत झाले की पीठ जाडे पडे, मग ते टाकवून घ्यायचे. टाकवले की पुढचे काही दिवस भाकरीत कचकच. बाळंतपणाचे थोडे दिवस सोडले तर या कामाला सुट्टी नव्हती. आणि हे सारे दिवसाच्या कामाच्या आधीचे. दिवस उजाडल्यावर पाणी, शेण, चूल, शेत होतेच.

एवढे सांगितल्यावर वर्गात शांतता पसरते. मग एखादी विचारते, "मॅडम, मग त्या गात कशा होत्या?"

प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर आपल्या वाङ्मयपरंपरेतच आहे. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास'मध्ये महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे, हे आपण सगळेच सांगतो. ओवीच्या प्राचीनत्वाचा पुरावा म्हणून सांगतो आणि पुढे जातो. त्या उल्लेखात ओवी कामाला जोडलेली आहे, आणि तीही कांडणाला, याकडे मात्र लक्ष देत नाही. नाव प्रथम भेटते तेच मुसळाच्या सोबतीने. आळंदीच्या ज्ञानेश्वरांनी शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, गीतेवरची टीका ओवीत सांगितली तेव्हा संस्कृतातले तत्त्वज्ञान त्यांनी घाम गाळणाऱ्या बायांच्या छंदात आणले. ग्रांथिक ओवी आणि कंठातली ओवी यांचे घडण वेगळे आहे, हे मान्य. पण गोत्र एक आहे.

आता जनाबाईची कथा पाहा. विठ्ठल तिच्याबरोबर दळू लागतो, ही आपल्या परंपरेतली सर्वांत लाडकी कथा. आपण ती भक्तीची महती म्हणून सांगतो आणि ती तशी आहेच. पण भक्ताच्या घरी आलेल्या देवाने काय केले, हेही पाहायला हवे. त्याने जनीला सोन्याचे दागिने दिले नाहीत. तिचे दळण निम्मे केले. ज्या समाजात देवाच्या कृपेची परमावधी म्हणजे खुंट्याला लागलेला आणखी एक हात, त्या समाजात त्या खुंट्याचे ओझे केवढे असेल? महाराष्ट्रातल्या बायांनी शतकानुशतके ही कथा ओव्यांतून आळवली ती काही जात्यावर फार प्रेम होते म्हणून नव्हे. मला तर वाटते, गिरणीची पहिली कल्पना महाराष्ट्रात कुणी मांडली असेल तर ती या कथेने.

ओव्यांच्या आशयाकडे वळले तरी हेच दिसते. साने गुरुजींनी ओव्या जमवल्या, डॉ. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून प्रचंड संकलन उभे केले. आणि 1980 च्या दशकापासून गी पॉयट्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरी खेड्यांपासून आरंभ करून, अनेक सहकाऱ्यांच्या साहाय्याने, एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या. हा ठेवा 2017 पासून 'पारी' या ग्रामीण भारताविषयीच्या संग्रहाद्वारे कोणालाही ऐकता-वाचता येतो. या ओव्यांत सीतेचा वनवास आहे, पंढरी-आळंदीची वाट आहे, भाऊ आहे, आई आहे, सासुरवास आहे. बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्याही आहेत. जात्याला देव म्हटले आहे, त्याच्याशी मन मोकळे केले आहे. आपण इथे 'वस्तूशी असलेले जिव्हाळ्याचे नाते' असे लिहितो. मला या ठिकाणी नेहमी अडखळायला होते. बाई दगडाशी बोलते याचे एक कारण असे की तिचे बोलणे ऐकून घेणारे माणूस घरात नाही. सासरच्या भरल्या घरात पहाटेची तेवढी वेळ, घरघर इतकी की शब्द भिंतीपलीकडे जाऊ नयेत. ओवी हे त्या कोंडीचे काव्य आहे. काव्य थोर आहे म्हणून कोंडी हवीहवीशी ठरत नाही.

इथे 'नॉस्टॅल्जिया' या शब्दाची जन्मकथा उपयोगी पडेल. 1688 साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलच्या विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात हा शब्द घडवला, घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून. परमुलखात राहणाऱ्या स्विस तरुणांना, पुढे विशेषतः परक्या सैन्यांत चाकरी करणाऱ्या सैनिकांना, घराच्या ओढीने होणारा तो एक आजार मानला गेला आणि त्यावर औषधोपचारही सांगितले गेले. म्हणजे मूळ नॉस्टॅल्जिया होता तो स्थळाचा. काळाचा नव्हे. तो कालांतराने काळाला चिकटला. आपण त्याला स्मरणरंजन म्हणतो, कोणी गतकातरता म्हणतात. पहिल्या शब्दात रंजन आहे आणि दुसऱ्यात कातरता. दुसरा शब्द प्रामाणिक वाटतो खरा, पण आपण लेखक-प्राध्यापक मंडळी बहुतेक वेळा पहिल्याच्याच मुक्कामी असतो.

होफरच्या अर्थाने पाहिले तर जात्यावरची ओवी हेच मराठीतले अस्सल नॉस्टॅल्जियाचे वाङ्मय आहे. तिला माहेर आठवते. गेलेला काळ नव्हे, दोन डोंगरांपलीकडचे गाव आठवते. आणि त्या गावी तिला आपल्या पायांनी, आपल्या मनाने जाता येत नाही. मुराळी यावा लागतो. भाऊ न्यायला येईल का, कधी येईल, सासू पाठवील का, यावर किती ओव्या आहेत! या दुःखाचे काय झाले? ते कोणत्याही तत्त्वज्ञानाने हलके झाले नाही. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. पुढे ती खेड्यापाड्यांत गेली. मग रस्ते झाले, मग फोन आला, मग तो हातात आला. आज माझ्या वर्गातली लग्न झालेली मुलगी दोन तासांच्या मधल्या सुट्टीत आईशी बोलून घेते. 'मुराळी' या शब्दाचा अर्थ तिला पुस्तकाच्या तळटिपेत वाचावा लागतो. एखादा शब्द तळटिपेत गेला की आपण भाषेच्या ऱ्हासाबद्दल लिहायला बसतो. हा शब्द तिथे गेला याचा मला आनंद आहे.

माझ्या आजीने जात्यावर आयुष्य काढले. मी एमएला असताना टेपरेकॉर्डर घेऊन तिच्यापुढे बसले होते. तिला एकही ओवी धड आठवेना. जात्याचा खुंटा हातात असल्याशिवाय ओवी ओठांवर येत नाही, हा अनुभव अनेक संकलकांना आला आहे. म्हणून मी जाते काढू या म्हटले. ती म्हणाली, "दळायचंच नाही म्हटल्यावर गायचं कशाला, बाई?" मी तेव्हा फार हळहळले होते. आजीच्या आवाजात मात्र हळहळ नव्हती. गावात गिरणी आली तेव्हाची गोष्ट तिने त्याच बैठकीत सांगितली: पहिल्या दिवशी बायका डबे-पाट्या घेऊन ओळीने उभ्या राहिल्या, पीठ ऊन लागते म्हणून म्हाताऱ्या कुरकुरल्या, भाकरीला चव नाही म्हणून पुरुष कुरकुरले. बायकांपैकी जात्याकडे परत कोणी गेले का, असे विचारले तर ती नुसती हसली.

भाकरीची चव गेल्याची तक्रार दळणाऱ्याने केली नाही, खाणाऱ्याने केली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. स्मरणरंजनाचा हा पहिला नियम असावा. चुलीवरच्या भाकरीची महती चुलीपुढे धुरात बसणारीपेक्षा ताटावर बसणारा अधिक गातो. पुणे-नाशिक महामार्गावर 'चुलीवरचे जेवण' अशा पाट्या लावलेली हॉटेले आता ठायी ठायी आहेत. तिथे ताटावर बसलेल्या सद्गृहस्थांच्या घरी गॅसच असतो, आणि तो असावाच.

आणखी एक गंमत गेल्या काही वर्षांत पाहते आहे. ज्या गिरणीने ओवी संपवली म्हणून आपण तिला दूषणे दिली, तीच गिरणी आता ललित लेखांची नायिका झाली आहे. पट्ट्यांची फटफट, पांढऱ्या भुवयांचा गिरणीवाला, कोणाचे दळण कोणाच्या आधी यावरून होणारी बाचाबाची, ज्वारीवर गहू टाकू नका म्हणून दिलेली ताकीद, डब्याच्या झाकणातून हाताला लागणारी पिठाची ऊब. दिवाळी अंकांत असे लेख वाचले आहेत आणि चांगले लिहिलेले आहेत. त्यांत खलनायिका आहे घरघंटी आणि दुकानातले तयार पीठ. उद्या घरघंटीवरही लेख येतील, याविषयी मला शंका नाही. प्रत्येक पिढी आपल्या बालपणी जे यंत्र नवे होते त्याला घरचे मानते आणि आपल्या चाळिशीत जे आले त्याला परके. मग हरवले ते नक्की काय? वस्तू हरवली, की त्या वस्तूच्या वेळचे आपले वय?

तर मग सगळेच सुधारले, असे म्हणून टाळ्या वाजवायच्या का? नाही. आळंदीत राहून तसे म्हणता येणार नाही, कारण इंद्रायणी समोर आहे.

गेल्या काही वर्षांत घाटापाशी नदीवर पांढरा फेस तरंगताना दिसतो. ऐन वारीच्या तोंडावरही दिसला आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचे आणि वस्त्यांचे प्रक्रिया न केलेले पाणी नदीत येते, हे आता गुपित राहिलेले नाही. आळंदीकरांना पिण्यासाठी भामा-आसखेड धरणातून पाणी आणावे लागते. घरातल्या नळाला पाणी आले ही सुधारणा, आणि दारातली नदी ओंजळीने प्यावी अशी राहिली नाही ही हानी. दोन्ही गोष्टी एकाच गावात, एकाच काळात घडल्या. गावातला म्हातारा जेव्हा इंद्रायणीच्या जुन्या पाण्याबद्दल बोलतो तेव्हा त्याला स्मरणरंजन म्हणून बाजूला सारणे हा लबाडपणा होईल. त्याच्या आठवणीला उत्तर देणारा कोणीतरी अस्तित्वात आहे: नगरपालिका आहे, महापालिका आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळ आहे, कायदे आहेत. त्याची आठवण ही फिर्याद आहे. जात्याच्या आठवणीला असा प्रतिवादी नाही. म्हणून दोन्ही आठवणींना 'हरवलेले जग' या एकाच मथळ्याखाली छापणे मला गैर वाटते. तसे केल्याने जात्याला नको तितके महत्त्व येते आणि नदीचा दावा उगाच हळवा होऊन बसतो.

शिवाय जुन्या पाण्याच्या आठवणीलाही एक काळी कड आहे. एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी कागदपत्रांत पंढरपूरची यात्रा आणि पटकीची साथ ही जोडी वारंवार भेटते. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यानेच माणसे दगावत होती. हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकात आळंदीहून पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले, त्या काळची वारी आणि आजची वारी यांची तुलना करताना आपण भाव, साधेपणा, शिस्त यांबद्दल बोलतो. आजच्या वाटेवरचे पाण्याचे टँकर, दवाखान्याच्या गाड्या, फिरती शौचालये यांबद्दल साहित्यिक लिहीत नाहीत. तो विषय त्यांना ललित वाटत नाही. बायकांना मात्र विचारून पाहावे. दोन-अडीच आठवड्यांहून जास्त दिवस उघड्यावर, अंधार पडण्याची वाट पाहत चाललेल्या बाईला फिरत्या शौचालयाची रांग ही वारीतली केवढी मोठी घटना वाटते, हे माझ्या एका चुलतीकडून मी ऐकले आहे. तिच्या वारीच्या वर्णनात रिंगण होते, दिवेघाट होता आणि ही रांगही होती. तिघांना तिने सारखाच वेळ दिला.

माझ्या म्हणण्यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. माझे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, श्रम गेले हे चांगलेच झाले, पण श्रमाबरोबर दोन बायकांनी एकत्र बसण्याची, शब्द जुळवण्याची जी जागा होती ती गेली, आणि तिच्या बदल्यात काही मिळाले नाही. वाचलेली पहाट बाईच्या हाती आली का? ती कंपनीच्या बसने, पाण्याच्या वेळेने, मुलांच्या शाळेच्या डब्याने खाल्ली. हे खरे आहे. माझ्या विद्यार्थिनींच्या आया पहाटे पाचला उठतातच, फक्त त्यांच्या उठण्याला आता ओवी नाही. पण याचा अर्थ काय लावायचा? गिरणीने जी वेळ मोकळी केली ती बाईकडून कोणी घेतली, हा प्रश्न त्यातून निघतो. तो आजच्या घराला आणि आजच्या कारखान्याला विचारायचा प्रश्न आहे. गिरणीला दोष दिला की तो विचारावाच लागत नाही, ही त्या वाक्याची खरी सोय.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण याच संदर्भात घ्यावे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबताना त्यांनी रचना केली, ती काही प्रमाणात सोपानदेवांमुळे कागदावर उतरली आणि 1951 मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर 1952 साली पुस्तकरूपाने आली. आपण हे शिकवताना निरक्षरतेला जणू प्रतिभेचे खतपाणी ठरवतो. जे उतरवून घेतले गेले नाही, जे भाकरी थापता थापता विरून गेले, त्याचा हिशेब करत नाही. त्यांच्या हाती वही-लेखणी असती तर काव्य उणे झाले असते, असे मानायला आधार कोणता? आळंदीच्याच ग्रंथाकडे पाहा. ज्ञानेश्वरी शतकानुशतके हस्तलिखित पोथ्यांतून फिरली. पाठ इतके बिघडले की एकनाथांना शके 1506 मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. बाळशास्त्री जांभेकरांनी ती 1845 साली शिळाप्रेसवर छापली. त्यानंतर ती बायकांच्या, गरिबांच्या घरात पोहोचू शकली. आज ती कोणाच्याही खिशातल्या फोनवर आहे. पोथीच्या जीर्ण पानांचा वास मलाही आवडतो. पण ज्यांना त्या पोथीला हात लावण्याची मुभा नव्हती त्यांना त्या वासाची आठवण असण्याचे कारण नाही.

म्हणून सहकाऱ्यांपुढे एक छोटी सूचना ठेवते. 'यांत्रिकीकरणामुळे झालेला ओवीचा ऱ्हास स्पष्ट करा' असा प्रश्न आपण काढतो. तो काही वर्षे बाजूला ठेवावा. घटक शिकवायला घेताना आधी पॉयट्व्हँ-राईरकरांच्या संग्रहातली दोन-तीन ध्वनिमुद्रणे वर्गात ऐकवावीत. फोन आणि एक लहानसा स्पीकर पुरतो. काहींत ओवीच्या मागे जात्याची घरघर ऐकू येते. मुले पहिल्यांदा चालीकडे लक्ष देतात. दुसऱ्यांदा ऐकवले की कोणीतरी दम लागल्याबद्दल बोलते. यंदा एका मुलीने, जिची आई चाकणला एका कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, तिसऱ्यांदा लावायला सांगितले आणि मग विचारले, या बाईला हे गाणे किती वेळ गावे लागत असेल, म्हणजे दळण किती होते? उत्तर मला देता आले नाही. दुसऱ्या दिवशी ती घरी पाच माणसांना एका दिवसाला किती पीठ लागते ते मोजून घेऊन आली. आम्ही तो तास पायली, शेर आणि मुठी यांचा हिशेब करण्यात घालवला, आणि ओवीच्या लांबीबद्दल मी आजवर केले नव्हते असे बोलणे त्या हिशेबातून निघाले.